आत्या आणि लॅपटॉपची भोकं

लॅपटॉपच्या कडेला किती भोकं आहेत यावरून माणसाची पारख करणारी, आणि ती पारख त्या माणसाला तोंडावर ऐकवणारी, साऱ्या पुण्यात एकच बाई असेल आणि ती माझी आत्या आहे. ती भोकंच म्हणते. पहिल्यांदा कोणीतरी तिच्यासमोर ‘पोर्ट’ हा शब्द वापरला तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, की पोर्ट म्हणजे बंदर, ते मुंबईला असतं, हे भोक आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे वस्तूला सोप्या नावाने हाक मारायची तिला सवय लागली आहे. शनिवार पेठेतल्या तिच्या घरी कोणी लॅपटॉप घेऊन आलं, की पाणी विचारायच्या आधी ती तो हातात घेते आणि मंडईत वांगं देठापाशी फिरवून बघावं तसा चहूबाजूंनी फिरवून बघते. भोकं भरपूर असली तर पाहुण्याला चहाबरोबर चकली मिळते. एकच बारकं भोक असलं तर नुसता चहा, तोही बशीशिवाय. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, या सगळ्यात कधीच पडत नाहीत. ते खिडकीपाशी बसून शब्दकोडं सोडवतात. एकदा मी त्यांना विचारलं, की तुमचं आत्याशी इतकी वर्षं कसं जमलं. कोड्यातून मान न काढता ते म्हणाले, “मी वायरलेस आहे.”

तिच्याकडे एका साड्यांच्या दुकानाची जाड कापडी पिशवी आहे आणि तिच्यात, माझ्या अंदाजाने, आजवर माणसाने बनवलेली प्रत्येक प्रकारची वायर आहे. वायर फेकणं हे तिच्या लेखी अन्न टाकण्याइतकं वाईट. प्रत्येक वायर नीट गुंडाळलेली, परकराच्या जुन्या नाडीने बांधलेली आणि तिला फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी अडकवलेली. एका चिठ्ठीवर मी वाचलं होतं, ‘प्रिंटर वारला. वायर जिवंत.’ दुसऱ्या एका वायरीवर ‘कशाची ते आठवत नाही, पण कशाची तरी आहे’ असं लिहिलं होतं. इमारतीतल्या कोणाचंही काही अडलं, की माणूस तिसऱ्या मजल्यावर आत्याकडे येतो. वायर त्याला मिळते, पण आधी त्याने स्वतःची वायर का हरवली याचा खुलासा उभ्याने द्यावा लागतो.

माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा नागपूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, स्वभावाने इतका गरीब की पोह्यात मीठ नसतानाही त्याने दोनदा मागून घेतले. दुर्दैवाने तो ऑफिसातून थेट आला होता आणि त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप होता. आत्याने तो मागून घेतला. पापडासारखा पातळ, करड्या रंगाचा, देखणा लॅपटॉप. तिने डावी बाजू बघितली, उजवी बघितली, उलटा केला, आणि मग यात पेन ड्राइव्ह कुठे घालायचा असं विचारलं. तो बिचारा अजिजीने म्हणाला, की आत्याजी, आता पेन ड्राइव्ह कोणी वापरत नाही. आत्या म्हणाली, “ज्याला जुन्याशी जोडून घेता येत नाही, तो सासरशी काय जोडून घेणार?” लग्न अर्थात झालं, कारण बहिणीला त्याच्या लॅपटॉपशी काही देणंघेणं नव्हतं. पण जावयाने ते वाक्य मनाला लावून घेतलं. पहिल्या दिवाळीला त्याने आत्याला साडीऐवजी एक चपटी डबी भेट दिली. बारक्या भोकात घालायची आणि टीव्हीची मोठी वायर जोडून देणारी अशी वस्तू तिच्यात होती. आत्या अशा वस्तूला शेपूट म्हणते. लॅपटॉप विकायचा आणि त्याचं शेपूट वेगळं विकायचं, हा तिच्या मते आजच्या काळातला सर्वांत मोठा निर्लज्जपणा. तिने ती डबी उघडलीही नाही. चिठ्ठी मात्र लावली, ‘जावयाने दिलं. गरज पडू नये.’

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मग आत्याचा स्वतःचा लॅपटॉप गेला. त्या लॅपटॉपचं वजन साधारण पाट्याइतकं होतं. त्याची एक बिजागरी तुटली होती, स्क्रीन मागे पडू नये म्हणून तिला आतोबांचा शब्दकोश टेकवावा लागायचा, आणि म्हणून आत्याचं काम चालू असेपर्यंत आतोबांचं कोडं अडायचं. दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघितला आणि आता याला विश्रांती द्या असं सांगितलं. आत्या दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. त्याला कारण होतं. निवृत्त झाल्यापासून ती दर शनिवारी लोणी काळभोरच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत जात असे. हडपसरला बस बदलायची, पुढे मिळेल त्या रिक्षाने जायचं, आणि मुलांना पडद्यावर ग्रह, ज्वालामुखी, पोटातली आतडी असं काय काय दाखवायचं. शाळेत कोणीतरी देणगी दिलेला एक जुना प्रोजेक्टर होता आणि त्याला एकच भोक होतं, रुंद, निळं, टिकल्यांएवढ्या छिद्रांच्या तीन ओळी असलेलं. तसं भोक असलेला लॅपटॉप मिळाला नाही तर शनिवार बंद.

मी तिला घेऊन लॅपटॉपच्या दुकानात गेलो. विक्रेता उत्साही होता. त्याने सगळ्यात स्वस्तातला लॅपटॉप पुढे ठेवला आणि किती हलका आहे ते बघा म्हणाला. आत्या म्हणाली, की मला तो पिशवीत घालायचा आहे, संक्रांतीला उडवायचा नाही. मग तिने निळं भोक मागितलं. त्याने ते पाहिलेलंच नव्हतं. तो म्हणाला, मॅडम, आता सगळं वायरलेस आहे. चार्जिंगपण का, असं आत्याने विचारलं. त्याला वायर लागते, असं तो जरा हळू आवाजात म्हणाला. तेवढ्यात दुकानाचे मॅनेजर आले. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की काळ बदलतो, महागड्या मॉडेलमधून जुनी कनेक्शनं केव्हाच गेली, आता स्वस्त मॉडेलमधूनही जाणार, कधीतरी सोडावंच लागतं ना. आत्याने त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. वर्गात चुकीचं उत्तरही ती पूर्ण ऐकून घ्यायची.

“अहो, महागडा लॅपटॉप घेणाऱ्याकडे सगळंच नवं असतं,” ती म्हणाली. “त्याची भोकं बुजवा, मला काही म्हणायचं नाही. स्वस्तातला कोण घेतो? ज्याचा माऊस जुना, प्रिंटर भावाचा आणि टीव्ही सासऱ्यांनी दिलेला, तो घेतो. आणि तुम्ही नेमकी त्याचीच भोकं काढून घेता.”

शेजारच्या काउंटरवर मुलीसाठी लॅपटॉप बघणारे एक गृहस्थ हातातला पातळ लॅपटॉप खाली ठेवून म्हणाले, की अहो, आमचा टीव्ही खरंच सासऱ्यांनी दिलाय. मग दोघांनी मिळून दुकानातला एकेक लॅपटॉप उलटा करून बघायला सुरुवात केली. विक्रेता आमच्या मागून ते सुलटे करत फिरत होता. शेवटी आत्याने पेन ड्राइव्हची दोन भोकं आणि टीव्हीचं एक भोक असलेला लॅपटॉप घेतला. निळं भोक कशालाच नव्हतं. त्यासाठी एक शेपूट घ्यावंच लागलं. ते तिने चिमटीत धरून माझ्या खिशात टाकलं, स्वतःच्या पिशवीत नाही.

शेपटाने शनिवार चालू राहिले. मग एकदा शाळेत कार्यक्रम ठरला. शिक्षण खात्यातले एक साहेब पालकांसमोर भाषण करायला येणार होते. मुख्याध्यापिकाबाईंनी आत्याला खास बोलावलं, आणि मी हडपसरलाच राहत असल्यामुळे माझ्या गाडीतून आम्ही गेलो. साहेब आले, हार झाले, नारळ झाले. साहेबांनी सॅकमधून लॅपटॉप काढला. पापडासारखा पातळ. आत्याने मान तिरकी करून त्याची कड बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. भोक एकच होतं, बारकं. साहेबांचं स्वतःचं शेपूट ऑफिसात राहिलं होतं. त्यांच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लागेना, त्यामुळे भाषणाची चित्रं आत्याच्या लॅपटॉपमध्ये घेता येईनात. मेल करावी तर शाळेत रेंज फक्त चिंचेखाली, तीही वारा असला तर. समोर पालक बसलेले, मुलं मांडी घालून केव्हाची गप्प बसलेली, आणि मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा रडवेला.

आत्याने पिशवी सोडली. तळातून जावयाची डबी काढली, चिठ्ठी स्वतःशीच वाचली आणि डबी फोडली. साहेबांच्या लॅपटॉपला जावयाचं शेपूट, त्याला टीव्हीची वायर, त्या वायरीला दुकानातलं शेपूट, त्याला निळी वायर आणि मग प्रोजेक्टर, अशी ती आगगाडी जोडली गेली. पडद्यावर चित्र उमटलं आणि गेलं. प्रत्येक सांधा ढिला होता. धरून ठेवला तरच चित्र राहत होतं. मग पहिला सांधा साहेबांनी स्वतः उकिडवं बसून धरला, दुसरा मुख्याध्यापिकाबाईंनी, तिसरा शाळा समितीच्या अध्यक्षांनी, प्रोजेक्टरपाशी मी. कोणाचेच हात मोकळे नसल्यामुळे चित्रं पुढे सरकवायचं काम आत्याकडे आलं आणि भाषणाचा ताबाच तिने घेतला. साहेब बसल्या जागेवरून बोलत होते. एखादं चित्र नुसत्या मजकुराने भरलेलं असलं की आत्या म्हणायची, हे वाचता येतं सगळ्यांना, आणि पुढे जायची. अध्यक्ष शिंकले तेव्हा पडद्यावरचा साहेबांचा फोटो हिरवा झाला. थोड्या वेळाने अध्यक्ष काकुळतीला येऊन म्हणाले, “बाई, धरलंय मी घट्ट, पर माझं नाक खाजवायचं हाय.” आत्याने त्यांना एवढं चित्र संपू द्या म्हणून सांगितलं. आणि नेमकं पुढचं चित्र आलं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वायरमुक्त वर्ग’.

आधी मुलं हसली. मग पालक हसले. साहेबांनी वळून पडदा बघितला, स्वतःच्या हातातली वायर बघितली, आणि तेही इतके हसले की सांधा सुटला आणि सगळं अंधारलं. तिथेच भाषण संपलं. जाताना त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला. आत्याने तेवढ्यात त्यांच्या सॅककडे बोट दाखवून पुढच्या वेळी जाड घ्या म्हणून सांगितलं.

साहेब ते विसरले नाहीत. काही महिन्यांनी त्या शाळेला भिंतीएवढा नवा पडदा मिळाला. त्याला प्रोजेक्टर लागत नाही, लॅपटॉप लागत नाही, काहीच जोडावं लागत नाही, सगळे धडे त्याच्या आतच असतात. मुख्याध्यापिकाबाईंनी आनंदाने आत्याला फोन केला आणि अगदी मनापासून सांगितलं, की मॅडम, आता तुम्हाला एवढ्या लांब येण्याचा त्रास नको. आत्याने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी टोमण्याची वाट बघत होतो. तो आला नाही. छान झालं, एवढंच ती म्हणाली, आणि मग गॅस चालू आहे का बघते म्हणून तिने फोन ठेवला.

त्या शनिवारी मी मुद्दाम तिच्या घरी फोन केला. आतोबांनी उचलला. ती नेहमीच्या बसने गेली म्हणाले, पिशवी न घेता गेली. संध्याकाळी तिला आणायला मी हडपसरला गाडीतळावर गेलो. बस यायला उशीर होता. आली तेव्हा ती शेवटी उतरली. मी काही विचारायच्या आधीच सांगू लागली. ती मागे सतरंजीवर मुलांबरोबर बसली होती. पडद्यावर हृदय दाखवलं, रंगीत, धडधडणारं. आतून एक बाई अगदी स्वच्छ मराठीत समजावत होती. शिकवते चांगली, असं आत्याने प्रामाणिकपणे सांगितलं. धडा संपला, पडदा बंद झाला, आणि सगळी मुलं एकदम मागे वळून हिच्याकडे बघायला लागली. एका मुलीने विचारलं, बाई, तुमचं पण असंच वाजतंय का? मग हिने मनगट पुढे केलं आणि मुलांनी रांग लावून एकेकाने तिची नाडी बघितली. काहींना सापडली, काहींना सापडेना, ती मुलं पुन्हा रांगेत शिरली. त्यात शाळेची वेळ संपून गेली आणि हिची नेहमीची बस चुकली.

“त्या पडद्यातल्या बाईला मनगट नाही ना,” ती म्हणाली.

गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली होती. सोलापूर रस्त्याची ती गर्दी, ट्रक, हॉर्न. आत्या रस्ता ओलांडताना कधी कोणाचा हात धरत नाही, उलट तीच दुसऱ्याला दंडाला धरून ओढते. त्या दिवशी तिने न बोलता हात पुढे केला. मनगट फार बारीक झालंय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या अंगठ्याखाली नाडी लागली, थोडी घाईत असलेली. गाडीपाशी पोचल्यावरही मी हात लगेच सोडला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही.