गिटारीला लावलेलं कुंकू

सोसायटीच्या नवरात्राच्या कार्यक्रमात माझ्या सुनेने पहिली तार छेडली आणि स्पीकरमधून नुसती खरखर आली. सोसायटीची माणसं हसली. तिला शिकवणारे सर म्हणाले, "वहिनी, आवाज बदलायचा कुठला इफेक्ट लावलात? पायाखालचं पेडल बंद करा."

"बंदच आहे, सर." तिने बेस गिटारीवरच्या आवाजाच्या बटणाकडे पाहिलं. तिथे लाल ओघळ वाळला होता.

सकाळी खंडेनवमीला मी विळी आणि शिलाई मशीन पुजलं, तशी तिची गिटारही पुजली. पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं. तिला विचारलं नाही. वर्षभर ती कानाला हेडफोन लावून शिकली, घरात त्रास नको म्हणून. आज पहिल्यांदा लोक तिला ऐकणार होते.

चार तारांची घ्यावी की पाच, हे ती मला समजावून सांगायची. तारांखालच्या काळ्या पट्टीला पिकअप म्हणतात, आत लोहचुंबक असतं. ती पट्टी तारेला शिवत नाही, तरी तारेची थरथर तिला कळते. मी म्हणायचे, "बरं, आधी भाजीकडे बघ." न शिवता समजून घेणं मला कधी जमलं नाही. माझी मायासुद्धा ओल्या हाताने मध्ये येते.

खरखर थांबेना. ती गिटार उतरवून माझ्याशेजारी येऊन बसली. मागच्या बाईंनी विचारलं, "कुणी गं केला हा उद्योग?"

सून म्हणाली, "असू दे, काकू."

तो उद्योग करणारी तिची सासू मीच.