लग्नात काळी तार नको

माझं लग्न एका बाईशी झालं, पण संसार दोघींशी करावा लागला. दुसरी म्हणजे हेमलताची हार्प. उंची माझ्याहून जास्त, वजन एकट्याला न पेलणारं आणि मिजास जावयाच्या वरताण. दिल्लीचा उन्हाळा तिला सोसत नाही, पावसाळा सोसत नाही, थंडीत हीटर लावला तर तोही सोसत नाही. सोसायचं काम आमच्याकडे.

मी मुरलीधर, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मुक्काम मयूर विहार, दुसरा मजला. लिफ्ट नाही. माझी बायको हेमलता पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवते. नोकरी कुठेच नाही, बोलावतील तिथे जायचं. हार्प म्हणजे मोठी लाकडी चौकट, त्यात उभ्या ताणलेल्या तारा, आणि त्या दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायच्या. हे मी आजवर एकूण एका नातेवाइकाला समजावून सांगितलं आहे. ऐकून घेऊन प्रत्येक जण शेवटी म्हणतो, "म्हणजे वीणाच की हो!"

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीच्या हाती हार्प आली कुठून, हा दुसरा प्रश्न. माझ्या सासूबाई, इंदुमतीबाई, चाणक्यपुरीत वकिलातीतल्या एका हंगेरियन बाईंना हिंदी शिकवायला जायच्या. लहानगी हेमलता सोबत असायची. बाईंनी तिला गंमत म्हणून आपल्या हार्पजवळ बसवलं आणि पोर तिथून उठेचना. सासूबाईंना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. ते खूळ कॉलेज संपेपर्यंत टिकलं. परदेशी बोर्डाच्या परीक्षा झाल्या. बाईंची बदली झाली तेव्हा त्या हार्प हेमलतासाठी इथेच ठेवून गेल्या. सासरे बळवंतराव मला म्हणाले होते, "जावईबापू, मुलगी गुणी आहे, फक्त सामान जरा जास्त आहे."

एक्याण्णवनंतर देशाची दारं उघडली आणि आमच्या दारातून हार्प बाहेर पडू लागली. तोवर वर्षातून एखादी वकिलातीतली संध्याकाळ मिळायची. आता पंचतारांकित हॉटेलांना लॉबीत हार्प हवी झाली. क्रेडिट कार्ड आलं, वाजवा हार्प. परदेशी गाडी आली, वाजवा हार्प. गुडगावात बिल्डर लोक सॅम्पल फ्लॅट दाखवायचे, तिथेही. ज्या इमारतीत अजून पाण्याची लाइन आली नव्हती, तिथे हार्प आधी पोचली! मी सेकंडहँड मारुती व्हॅन घेतली, मागची सीट काढून टाकली आणि शनिवार-रविवार हमाली सुरू केली.

काम भरपूर होतं. ऐकणारं कुणी नव्हतं. हार्प लावायला तासभर शांतता लागते, तर नेमका त्याच तासाला हॉटेलवाले गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचे. पाहुणे आले की एसी भस्सकन सोडायचे, आणि लावलेल्या तारा पुन्हा उतरायच्या. लोक तिच्या पुढ्यात उभे राहून कबाब खायचे, फोटो काढायचे. एकाने हार्पच्या खांबावर ग्लास टेकवला होता. मी ऑफिसात जॉइंट सेक्रेटरीसमोर ब्र काढत नाही, पण त्या दिवशी त्या माणसावर असा ओरडलो की हेमलतानेच मला बाहेर नेलं.

तिचा सगळा जीव एका फ्रेंच रचनेत होता. दहा-बारा मिनिटांची असेल. तिची शिकवणी संपता संपता बाईंनी बसवून घेतलेली. घरी मी ती इतक्यांदा ऐकली आहे की भाजी चिरतानाही मला ताल सुचतो. पण माणसांसमोर ती कधी शेवटाला गेलीच नाही. मध्येच केक कापायचा, मध्येच माइकवर 'लेडीज अँड जंटलमेन', मध्येच कुणीतरी येऊन, "मॅम, कुछ फिल्मी हो जाए." हेमलता म्हणायची, "अहो, मला टाळ्या नकोत. फक्त एकदा लोकांनी गप्प बसून ती शेवटपर्यंत ऐकावी. बस, इतकंच." इतकंच! दिल्लीत घर मिळेल, गॅस कनेक्शन मिळेल, गप्प बसलेली माणसं कुठून आणायची?

ती सूर्यकांतरावांनी आणली. सूर्यकांतराव आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. गणपतीत हेमलताने हार्पवर आरती वाजवावी म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले होते आणि ती ठाम नकार देत होती. शेवटी तिने सौदा केला. आरती वाजवते, पण मला एक संध्याकाळ माझी द्या, मी म्हणेन ते वाजवणार. त्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात रविवारी संध्याकाळसाठी हॉल मिळाला, पत्रिका वाटल्या गेल्या. त्या दिवसांत हेमलता स्वयंपाक करतानासुद्धा ओट्यावर बोटं चालवायची. मी तिला इतकी खूश फार क्वचित पाहिली आहे.

आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी छत्तरपूरच्या फार्महाउसवर एक लग्न आलं. मी म्हटलं, "नको घेऊस." पण ते काम गौरवचं होतं, म्हणजे ज्याच्या इव्हेंट कंपनीकडून तिची निम्मी कामं यायची त्या गौरवचं. त्याला नाही म्हटलं की तो पुढच्या सीझनला दुसरं काहीतरी उभं करणार, कारंजं किंवा बर्फाचा हंस. आम्ही गेलो.

सगळा मांडव पांढरा आणि सोनेरी. हेमलताने सकाळी हार्प लावली आणि आम्ही मागच्या तंबूत जेवायला गेलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. हार्पच्या इतक्या सगळ्या तारांत वाट सापडावी म्हणून दर सप्तकातली 'सी'ची तार लाल असते आणि 'एफ'ची काळी. बाकीच्या पांढुरक्या. ती शोभा नसते, ते मैलाचे दगड असतात.

परत आलो तर एकही तार लाल नव्हती आणि एकही काळी नव्हती. त्या सगळ्या सोनेरी! मांडवाचा रंगारी स्टुलावर बसून शेवटच्या तारेवर बारीक ब्रश फिरवत होता. बिचाऱ्याने काम इतकं सफाईने केलं होतं की शेजारच्या तारेवर ठिपकासुद्धा नाही.

"ये क्या किया?" हेमलता किंचाळली.

गौरव धावत आला. "मॅम, दुल्हन की दादीजी नाराज हो गईं. शादी में काला तार? अपशगुन होता है ना. तो काला गोल्ड करवा दिया."

"और लाल?"

"काला गोल्ड हो गया तो लाल अकेला अच्छा लगता क्या? थीम भी तो देखनी है." आणि वर म्हणतो कसा, "सूख जाएगा मॅम, बढ़िया एनॅमल है."

जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारांवर फाटकाला लावायचा एनॅमल! मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. पण वरात दारात आली होती आणि हेमलता स्टुलावर बसली. तिने वाजवलं. रंगवलेल्या तारेवर बोट पडलं की थप्प आवाज यायचा, जसा ओल्या दोरीवर पडावा. बोटं सोनेरी झाली. मी लोकांच्या तोंडाकडे पाहत होतो, एकाला तरी खटकेल म्हणून. एकालाही खटकलं नाही. निघताना दादीजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बहुत सुंदर लगा, बेटी." लगा! ऐकलं कुणी होतं?

घरी आल्यावर थिनर लावून पाहिला. आतड्याच्या तारांचे पीळ सुटले, दोन तुटल्या, जाड तारांना रंग चिकटून त्या मुक्या झाल्या. हेमलताने शेवटी रंगवलेल्या सगळ्याच काढून टाकल्या. नव्या तारा परदेशातून मागवायच्या, त्या यायला निदान महिना. त्या रात्री आमच्यात कुणी जेवलं नाही.

सूर्यकांतराव सोमवारी घरी आले. हेमलता म्हणाली, "कार्यक्रम पुढे ढकला." ते म्हणाले, "वहिनी, हॉल आता थेट पावसाळ्यात मिळेल. पत्रिका गेल्यात, लोक गाझियाबादहून यायचेत." तिने त्यांना पटवण्यासाठी हार्पवर हात फिरवला, बघा, किती भोकं पडलीत. सूर्यकांतरावांनी कान टवकारले.

"पुन्हा फिरवा बरं हात."

तिने फिरवला.

"वहिनी, हा तर भूप!"

खरंच होतं ते. दर सप्तकातून नेमके ते दोन सूर गेले की उरतात पाचच, आणि 'जी'ला सा मानलं की ते पाच म्हणजे भूप. मीही लहानपणी भजनाला पेटी वाजवली आहे, माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. सूर्यकांतराव तर आनंदाने उभेच राहिले. "देवानेच योजलं म्हणायचं! भूप वाजवा."

"मला भूप नाही वाजवायचा, सूर्यकांतराव," ती म्हणाली. "तुम्ही मला शब्द दिला होता, मी म्हणेन ते."

"मग म्हणा ना, भूप वाजवते म्हणून." आणि माणूस स्वतःच्या विनोदावर हसला.

तीन दिवस ती हार्पकडे फिरकली नाही. गुरुवारी तिने हार्पजवळ बसून भूपाचे सूर चाचपायला सुरुवात केली. तिची आई घरी पेटी वाजवायची, त्यामुळे भूप तिने ऐकलेलाच होता. मी विचारलं, तर म्हणाली, "लोक येणारेत. त्यांना परत कसं पाठवू?"

रविवारी हॉल भरला. सरकारी बाबू, त्यांच्या बायका, राजेंद्रनगरला यूपीएससीची तयारी करणारी सोलापूर-लातूरची मुलं. मी मागे दाराशी उभा होतो, कुणी खुर्ची सरकवली तर त्याच्यावर डोळे वटारायला. गरजच पडली नाही. पहिल्या आलापाला हॉलमध्ये जी शांतता झाली, ती मी या शहरात पूर्वी कधी अनुभवली नव्हती. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी चष्मा काढून डोळे पुसले. ती बराच वेळ वाजवत राहिली, कुणी उठलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. संपल्यावर लोक उभे राहिले. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

मग सगळे तिच्याभोवती. "आज कळलं हो, तुम्ही काय वाजवता ते." "उगीच इतकी वर्षं ते इंग्रजी वाजवत बसलात." नोएडाच्या मंडळाच्या बाईंनी तारीखच मागितली, आणि बजावलं, "असंच हं, त्या तारा काढूनच आणा." हेमलता सगळ्यांना हात जोडत होती, हसत होती. तिचं ते हसू मला ओळखीचं होतं. हॉटेलातलं हसू ते.

हार्प व्हॅनमध्ये चढवली, ब्लँकेटं गुंडाळली, पट्टे बांधले. ती शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, "अगं, काय ऐकलं लोकांनी! टाचणी पडली असती तरी कळलं असतं."

"हो ना," ती म्हणाली.

मंडी हाउसचा चौक ओलांडला. मग ती बाहेर बघत म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मला वाटायचं, लोक गप्प बसत नाहीत म्हणून माझं ऐकत नाहीत. त्यांना शिव्या दिल्या की मला बरं वाटायचं. आज ते गप्प बसले. बिल्कुल गप्प." ती माझ्याकडे वळली. "त्यांना ऐकता येतं हो. फक्त माझं नकोय त्यांना. आता मी चिडू कुणावर?"

 मी व्हॅन मयूर विहारकडे जाणाऱ्या पुलाच्या दिशेने वळवली.