चुलीत गेलेली गोचीड

चट्ट झालं आणि मग मला कळलं मी काय केलं ते. गोचीड न्हाणीच्या चुलीत. मांडीवर ओली लेक रडतेय, तिच्या कानामागे मोहरीएवढा लाल ठिपका, आणि माझी चिमूट रिकामी. मी ओरडलेच. सासूबाई परसातून धावत आल्या.

"काय गो झाला?"

"गोचीड होती. चुलीत टाकली मी."

"मगे चुलीतच टाकतत. देवळात नेवन ठेवतलंस?"

त्यांचंही बरोबर. गुरांची गोचीड काढायची नि जाळायची, गावात सगळे हेच करतात. पण ती जाळायची नाही, कुपीत ठेवायची, हे मला माहीत होतं ना! सगळ्या घरात मलाच माहीत होतं!

कारण दोन महिने आमच्या पडवीतल्या खोलीत एक ताई राहत होती. पुण्याकडची, पीएचडी करणारी. आमच्या दोडामार्गात माकडताप येतो, त्याचा विषाणू कुठल्या गोचिडीत असतो ते ती शोधायची. सकाळी काजूच्या बागेत पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत फिरायची, फडक्याला गोचिडी चिकटायच्या. एकेक चिमट्याने उचलून काचेच्या कुपीत, आत गवताचं ओलं पातं, वर कापूस. कुपीवरची चिठ्ठी, गोचीड कुठे नि कधी सापडली ती, मी लिहायची. पेन्सिलीने, शाई ओलीने पसरते म्हणून. माझं माहेर मालवणचं, किनाऱ्यावरचं, शाळा नववीत सुटली, पण अक्षर राहिलं. ताई म्हणायची, "वहिनी, माझ्यापेक्षा तुमचं अक्षर बरं." सासूबाई म्हणायच्या, "गोचडांची बारशी करूक येळ आसा, पोराक तेल लावूक नाय."

त्या दिवशी मी गोठ्यात घालायला बागेतून पातेरा आणला, सुका पाला, आणि भारा अंगणात टाकला. लेक त्यातच लोळली. आंघोळ घालताना कानामागे हात लागला नि मी उपटलंच.

ताई आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने लेकीचा कान साबणाने धुतला, हळू म्हणाली, "कुपीत असती तर तिच्यात विषाणू आहे का ते बघता आलं असतं. आता ताप येतो का, एवढंच बघायचं."

दहा-बारा दिवस. मी सारखी कपाळाला हात लावायची, माझाच हात गरम लागायचा, मग गाल लावून बघायची. सासूबाईंची चेष्टा बंद झाली, देवाक गाऱ्हाणं घातलं त्यांनी. ताप आला नाही.

लेक आता पळते. ताईचं काम संपलं, ती गेली. फोन करते कधी, घाईत असते. तिच्या खोलीत काजूच्या बियांची पोती आहेत. मी अजून तिथे उंबऱ्यावर जाऊन बसते, उगाच. वाटतं, कुणी यावं फडकं ओढत, म्हणावं, वहिनी, लिहा. एक कुपी तिने माझ्यासाठी ठेवलीय, न्हाणीच्या फळीवर, कोरी चिठ्ठी लावून. एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या मी. माझ्या लेकीच्या गोचिडीची तेवढी राहिली.

पण खरं सांगा. तुमच्याच लेकराच्या कानामागे ती रुतलेली, बाजूला चूल पेटलेली. तुमचा हात कुपीकडे गेला असता?