फायबरवर वाजलेली टकटक

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भुताखेतांच्या गोष्टी आवडीने वाचते, पण त्या पुस्तकातच राहाव्यात असं माझं मत. माझा नवरा श्रीधर गेला, तेव्हा भेटायला येणारं कुणी "ते इथंच आहेत हो" म्हणालं की मला राग यायचा. तरी हे लिहितेय... कारण त्या वेळी मी एकटी नव्हते.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत श्रीधर आणि रफिकभाईंचं भागीदारीत शेड. छोट्या इलेक्ट्रिक ट्रकची बॅटरी पोटाखाली असते. तिला रस्त्यावरचे दगड लागू नयेत म्हणून हे दोघं खालून पॅनेल बसवून द्यायचे. पॅनेल बसलं की श्रीधर त्यावर बोटाच्या पेरांनी वाजवायचा — टक टक, जरा थांबून पुन्हा टक — आणि कान देऊन ऐकायचा. त्याशिवाय गाडी सोडायचा नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने मी त्याचे कपडे आणायला शेडवर गेले. शनिवारची दुपार. वसाहतीला सुट्टी, आजूबाजूला सगळं बंद. रफिकभाईंनी लिफ्टवर चढवलेल्या ट्रकला नुकतंच पॅनेल बसवलं होतं. ट्रकचे मालक भाऊसाहेब, निफाडकडचे, घाईत होते.

"झालं का भाऊ? का आता ओटी भरून पाठवताय गाडीला?"

"सबर करा जरा."

"पोरगी क्लासबाहेर उभी राहील वो. तिला घेऊन गावाला जायचं हाय."

रफिकभाईंनी लिफ्ट उतरवायला हात पुढे केला आणि पॅनेलमधून आवाज आला. टक टक... टक. त्यांचा हात तिथेच थांबला.

"भाभी, ऐकलंत?"

"हो."

भाऊसाहेब हसले. "उन्हानं पत्रा वाजतोय. आमच्या गोठ्याचा रोज वाजतो."

"पत्रा कुठंय? फायबर आहे हे."

श्रीधर नेहमी ॲल्युमिनियम वापरायचा. फायबरचं हे पहिलंच पॅनेल होतं. रफिकभाईंनी त्यावर वाजवून पाहिलं. थप. जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर वाजवावं तसं. आम्ही ऐकलेला आवाज खणखणीत, धातूचा होता.

"उतरवतो पॅनेल," ते म्हणाले.

"आता परत? लय उशीर होईल वो!"

त्यांनी ऐकलं नाही. फायबर जाड, म्हणून त्यांनी लांब बोल्ट वापरले होते. त्यातल्या एकाचं टोक बॅटरीच्या नारिंगी केबलला टेकलं होतं. केबलच्या आवरणावर खळगा पडला होता. चार खड्डे लागले असते तर आवरण फाटून आग लागली असती. भाऊसाहेबांनी मुलीला फोन केला. "क्लासमधीच बस. मी येतो, पण उशीर होईल... आगं काही नाय झालं. बस तू."

केबलला नवं आवरण आणि आखूड बोल्ट लावून ट्रक गेला. तो श्रीधरच होता, याबद्दल रफिकभाईंच्या मनात काही शंका नाही. मी शेडमधला हवेचा कंप्रेसर पाहिला — बंद होता. छपरावरची कबुतरं म्हणावीत, तर ती असं वाजवत नाहीत. तो आवाज कशाचा होता, मला अजून सांगता येत नाही.

भीती मात्र वाटली नाही. रिक्षात कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात एकच येत होतं — आलाच असेल, तर महिन्याभराने आला, आणि घर सोडून थेट कामावर गेला! मला त्याचा इतका राग आला की कितीतरी दिवसांनी हसूच फुटलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं... तोवर मी रडत होते.