वरच्या ओळीतलं दुसरं बटण

फळा आणि खडूच्या जोरावर मी बावीस वर्षं गणित शिकवलं. मग ज्युनियर कॉलेजच्या तुकड्या कमी झाल्या, माझी नोकरी गेली, आणि खराडीतल्या एका परदेशी अभ्यासक्रमाच्या शाळेनं मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तिथं प्रत्येक मुलाच्या हातात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. मी मूळचा वर्ध्याचा, लॉग टेबलवर वाढलेला. असली वस्तू बापजन्मात पाहिली नव्हती. शाळेच्या कपाटातला एक मागून घेतला आणि वारजे ते खराडी बसमध्ये रोज बोटं चालवली. महिन्याभरात डोळे मिटून बटणं दाबायला लागलो आणि स्वतःवरच खूश झालो.

मुख्याध्यापिका तास बघायला आल्या. तास बरा झाला तर कायम, नाहीतर रामराम, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनी समीकरणं भरल्यावर मी रुबाबात सांगितलं, आता वरच्या ओळीतलं दुसरं बटण दाबा, मग पहिलं. माझ्या यंत्रात दुसऱ्या बटणानं अक्षांच्या मर्यादा दिसायच्या आणि पहिल्यानं समीकरणाकडे परत यायचं. पण अर्ध्या वर्गाकडे दुसऱ्या कंपनीचं यंत्र होतं. त्यात दुसरं बटण म्हणजे 'पुसू का?' आणि पहिलं म्हणजे 'हो, पूस'. झालं! अर्ध्या वर्गाची समीकरणं साफ. मुलं माझ्याकडे बघतायत, बाई वहीत लिहितायत. तास संपल्यावर त्या इतकंच म्हणाल्या की शुक्रवारी पुन्हा येईन, आणि ते शेवटचं.

माझी बायको घरी मराठी टायपिंगची कामं घेते. कोर्टाची कागदपत्रं, कुणाचे प्रबंध. पाहुण्यांसमोर मी तिची टर उडवायचो, 'हिचं बरंय, समोरचं बघून बडवायचं, डोक्याला ताप नाही.' ती हसण्यावारी न्यायची, निदान मला तसं वाटायचं. त्या संध्याकाळी मी कंपन्यांच्या नावानं खडे फोडत बसलो. मेल्यांना एक मांडणी ठरवता येत नाही का? तिनं दोन्ही यंत्रं आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,

"अहो, तुम्ही बटणाची जागा शिकवताय. जागा कंपनीची असते. काय करायचंय ते सांगा, बटण मुलं शोधतील."

मग तिनं सांगितलं की जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवरून कॉम्प्युटरच्या सरकारी मांडणीवर येताना तिचे कित्येक महिने भलतीच अक्षरं उमटण्यात गेले होते. एकदा तर काम सोडायचंच ठरवलं होतं. अजूनही एका गिऱ्हाइकाला ही मांडणी लागते, दुसऱ्याला ती. एकाच घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तिनं दोन पुठ्ठ्यांवर दोन्ही यंत्रांची बटणं काढली आणि सारख्या कामाला सारखा रंग दिला. शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी मला विद्यार्थ्यासारखं उभं करून पाठ म्हणवून घेतला. तोंडून 'दुसरं बटण' निघालं की ही पुणेरी बाई थंडपणे म्हणायची, "पुसलंत. पुन्हा भरा."

शुक्रवारी मी पुठ्ठे फळ्याला लावले. अक्षांच्या मर्यादा उघडा, म्हटलं. समीकरणाकडे परत या, म्हटलं. कुणाचंच काही पुसलं गेलं नाही. तासानंतर मुख्याध्यापिकांनी मला कायम केल्याचं सांगितलं आणि विचारलं, हे प्रशिक्षण कुठं घेतलं? वाटलं असतं तर 'बावीस वर्षांचा अनुभव' असं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "घरी. माझी बायको टायपिंग करते, तिनं शिकवलं."

घरी पोचलो तेव्हा ती कुणाचा तरी प्रबंध टाइप करत होती. नोकरी टिकल्याचं सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, पण बोटं थांबली नाहीत.

"तुझं काम मला कधी कळलंच नाही," मी म्हणालो.

बोटं थांबली. तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा. बघा."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा शेजारी बसून पाहिलं.