कच्च्या टाक्यांचं झबलं

बस डेपो मागे पडला तरी आत्या बोलेना. एरवी चर्च ते घर या तासाभराच्या वाटेत तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. म्हणून भाचीनंच खोडी काढली, "फादरांनी नापास केलं की काय तुला?"

"केलं," आत्या म्हणाली.

आत्या शिवणकाम करायची. आठवडाभर मशीन आणि रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, अशी तिची चाळीस वर्षं गेली. 'देवाची कृपा कशानं मिळते?' या प्रश्नाच्या उत्तरात एक शब्द इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे. नव्या फादरांनी मोठ्यांसाठी वर्ग काढला, तिथंही ही पहिल्या बाकावर. आज फादर सांगत होते, देव नुसता पुस्तकातून बोलत नाही, माणसाच्या जगण्यातून, दुःखातूनही भेटतो. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांतून कृपा मिळते हे खरंच, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. तेव्हा आत्यानं हात वर केला होता, "मग बाप्तिस्म्याआधी गेलेलं लेकरू?"

"ते देवाच्या दयेवर सोपवायचं आणि आशा धरायची," फादर म्हणाले होते.

ते लेकरू कोणाचं, हे भाचीला ठाऊक होतं. तिच्या आधी तिच्या आईला झालेला मुलगा, पंधरा दिवसांचा.

"बाप्तिस्मा आदल्या रविवारीच व्हायचा होता," आत्या चालता चालता म्हणाली. "मीच पुढे ढकलायला लावला. झबल्याची लेस आली नव्हती. सगळ्या चर्चच्या पोरांची झबली मी शिवायची, आणि घरच्या बाळाला साधं घालायचं? गुरुवारी झोपेतच गेलं ते."

"आई कधी बोलली नाही हे."

"ती काय बोलणार. तिनं मला एवढंच विचारलं, 'वन्सं, माझं बाळ देवाकडे गेलं ना?' आणि मी घोकलेलं उत्तर दिलं. बाप्तिस्मा झाला नाही, त्याला देव दिसायचा नाही, म्हटलं. हातसुद्धा धरला नाही गं तिचा."

आई चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसते, गाणी म्हणत नाही. गुडघ्यांमुळे पुढे येत नसेल, असं भाचीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तीच आई दर रविवारी तिची वेणी घालून तिला आत्याच्या वर्गाला धाडायची.

"मग आज जाऊन सांग ना तिला, फादर काय म्हणाले ते."

"म्हणजे पुन्हा उत्तरच घेऊन जाऊ?"

घर आलं. आत्या तळमजल्यावर राहायची, भाचीचं घर वर. आत्यानं कुलपाला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"झबलं अजून आहे ट्रंकेत. कच्चे टाके तसेच आहेत," ती म्हणाली. "माझं एक काम कर. तुझ्या आईनं बाळाला मनात काहीतरी नाव ठेवलं असेलच. मी कधी विचारलं नाही. वर जा आणि तिला विचार. मी विचारलंय म्हणून सांग. नाही सांगितलं तर राहू दे, जोर करू नकोस. मी इथं जिन्यात बसते."