बुटकी गाडी का घेतली, त्याचं उत्तर

गाडी दारात आल्यापासून एकच प्रश्न चाललाय... 'नवीन पिकअप घ्यायचीच होती, तर एवढी बुटकी का घेतली?' प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला. म्हणून लिहिते. एकदाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... लोह्याजवळच्या गावांतून दूध गोळा करून नांदेडला पोचवणं हा माझा धंदा. गाडी मी चालवते, कॅन चढवायला सोबत सुमन असते. दोघी दोन बाजूंनी धरतो आणि कॅन हौद्यात ठेवतो.

उन्हाळ्यात सुमनचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण वजन कमरेच्या वर न्यायचं नाही असं बजावलं. जुन्या पिकअपचा हौदा कमरेइतकाच होता, म्हणून निभत होतं... ती गाडी मोडीत निघाली आणि सुमनची झोप उडाली. उंच गाडी आली की आपल्या जागी गडी येणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून मागच्या महिन्यात नांदेडच्या शोरूमला जाताना मी तिला सोबत घेतलं. आणि एक कॅनसुद्धा.

सेल्समननं पहिल्या झटक्यात सर्वांत मोठ्या गाडीपाशी नेलं. "मॅडम, उंची गाडी आहे ही!" मी म्हटलं, उंच आहे ते दिसतंय, उंची आहे का ते आता बघू. मागचा फाळका पाडा आणि हा कॅन पाण्यानं भरून द्या.

"फरशीवर सांडेल, मॅडम..." सांडलं तर पुसून देईन, म्हटलं.

इथं एक सांगते, गाडी घेणाऱ्यांना उपयोगी पडेल. गाडीच्या पोटाखाली किती मोकळी जागा आहे, हे सगळे न विचारता सांगतात. हौदा जमिनीपासून किती वर, हे मात्र विचारावं लागतं. आणि तेही गाडी रिकामी असताना मोजा. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडी खाली बसते... पण पहिला कॅन रिकाम्या गाडीतच चढवायचा असतो ना?

आम्ही कॅन उचलला. कमरेपर्यंत ठीक होतं, पण हौद्याची कड छातीला येत होती. सुमननं ओठ घट्ट मिटले, कॅन कसाबसा वर गेला, आणि ती म्हणाली, "जमतंय की अक्का. लई सोपं हाय."

तिचा एक हात ओटीपोटावर होता. जमत नव्हतं.

कमी उंचीची एकच गाडी होती, बाहेर उभी. ती देगलूरच्या एका किराणा व्यापाऱ्यांनी पक्की केलेली. कागद व्हायचे होते, पण सोमवार साधून त्यांच्या पत्नीनं बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढून बेलाचं पान ठेवलं होतं.

तशी दुसरी कधी येईल, ते शोरूमला सांगता येईना. दूध तर रोजचं... भाड्याच्या टेम्पोवर किती दिवस काढणार? मी उंच गाडीचे कागद मागितले. सुमन खाली बघत होती.

त्या देगलूरच्या बाई कागदांसाठी नवऱ्यासोबत थांबल्या होत्या, बाकावर बसून सगळं बघत होत्या. उठल्या, थेट सुमनपाशी आल्या.

"पिशवीचं का गं?"

"हाव."

"माझं बी झालंय. अन् तू छातीपतुर उचलून राहिलीस? येडी हायेस का?"

मग नवऱ्याकडे वळून, "आवो, ही गाडी ह्यांना देऊन टाका. आपण ती उंच घेऊ."

"अगं, पूजा झाली की तिची!"

"तिची झाली. आपली कुटं झाली?"

सगळे हसले. ते गृहस्थ सोडून... मनात भरलेली गाडी अशी हातची जाताना कोण हसेल? मी त्यांना विचारलं, तुमचा माल जमिनीवरून चढतो का ओट्यावरून?

"दुकानाचा ओटा हाय की, हितपतुर." त्यांनी छातीला हात लावून दाखवला.

मग तुम्हाला उंचच बरी, मी म्हटलं. ओट्याला लावली की पोतं सरळ आत सरकेल. बुटकीत खाली उतरवताना हमाल रोज शिव्या देतील.

त्यांनी सेल्समनकडे बघितलं. "अन् तू सकाळधरनं बुटकी माझ्या गळ्यात मारून राहिला व्हय रे?" मग मान हलवली... "सरे, सरे." देगलूरकडचा हा तेलुगू होकार मला कधी एवढा गोड लागला नव्हता.

पावसाळ्यात काळ्या मातीत रुतेल, असं काही जण म्हणतात. आमचे कॅन डांबरी रस्त्यावर येतात, मी रानात गाडी घालत नाही. ज्यांना घालायची आहे त्यांनी खुशाल उंच घ्यावी.

ओट्याची गोष्ट नंतर निघाली. त्या बाईंनी गाडी सोडली ती त्याच्या आधी, स्वतःचं काही बघायच्या आत... एवढं मला विसरायचं नाही.

पासिंग होऊन गेल्या सोमवारी गाडी ताब्यात आली. मिळालं ते असं... दोन किल्ल्या, जॅक, स्टेपनी, कागदांची फाईल आणि बॉनेटवर पुसट झालेले विभूतीचे तीन पट्टे. दुसरी पूजा केली नाही. देगलूरला घरच्या तुपाची बरणी पाठवली.

फाळक्याला नवीन कुलूप घेतलं. त्याची किल्ली सुमनच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली.